वेणीफणी करता करता

आज एक परदेशातली गोष्ट सांगते. फार जुनी नाही, चाळीसेक वर्षांपूर्वीची.

अमेरिकेत साउथ कॅरोलायना नावाचं राज्य आहे. तिथल्या कोलंबिया शहरात डायआना डायआना नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईचं केस करण्याचं पार्लर होतं. १९८६ च्या सुमारास तिने पार्लरमध्ये एका भांड्यात कंडोम ठेवले. कंडोम म्हणजे आपण ज्याला निरोध म्हणतो ते. हवे त्याने फुकट न्यावेत, असा तिचा विचार. पण बायका लाजायच्या, बघून न बघितल्यासारखं करायच्या. मग तिने काय केलं? भेटवस्तूला गुंडाळतो तसल्या रंगीत कागदात एकेक कंडोम गुंडाळला. आता बायका विचारू लागल्या, "हे काय गं?" आणि बोलणं सुरू झालं.

ही युक्ती छोटी वाटेल. पण त्या वेळी तिथे काय चाललं होतं ते कळल्याशिवाय तिची किंमत कळणार नाही.

जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने या नव्या आजाराची पहिली नोंद छापली. लॉस एंजेलिसमधले पाच तरुण पुरुष. तेव्हापासून लोकांच्या मनात बसलं, की हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा आजार, आपला काही संबंध नाही. खरी परिस्थिती वेगळी होती. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्याच खात्याने आकडे दिले. देशात कृष्णवर्णीय लोक शंभरात १२, पण एड्सच्या रुग्णांत शंभरात २५. म्हणजे दुप्पट. तरीही पत्रकं आणि जाहिराती त्यांच्या वस्तीपर्यंत, त्यांच्या भाषेत फारशा पोचत नव्हत्या. घरात हा विषय निघत नव्हता आणि चर्चमध्येही बहुतेक ठिकाणी गप्पच बसत.

आणि पत्रक आलं, तरी सरकारी माणसावर विश्वास कुणी ठेवावा? त्याला कारण होतं. १९३२ मध्ये अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा आजार होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही उपचार करतो. उपचार केलेच नाहीत. आजार वाढत कसा जातो, एवढंच बघायचं होतं. पुढे पेनिसिलिन आलं, गरमी बरी होऊ लागली, तरी या माणसांना ते मुद्दाम दिलं नाही. काहींच्या बायकांनाही लागण झाली. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली, तेव्हा कुठे हे थांबलं.

या प्रकरणात एक नर्स होत्या, युनिस रिव्हर्स. त्याही कृष्णवर्णीय. त्या घरोघरी जायच्या, माणसांना गाडीत बसवून तपासणीला न्यायच्या. लोक आले ते त्यांच्या शब्दावर. मैत्रिणींनो, ही गोष्ट मला फार लागते. आपल्यातली बाई आहे म्हणून लोक विश्वास ठेवतात. पण तिच्या हाती दिलेली माहितीच खोटी असली, तर त्याच विश्वासाने माणसं फसतात. डायआनाचं काम सुरू झालं, तेव्हा ही बातमी फुटून जेमतेम १४ वर्षं झाली होती.

मग विश्वास कुठे उरला होता? पार्लरमध्ये. तिथे बाई दोन-दोन तास बसते. समोर आरसा, मागे केसांत हात घालणारी ओळखीची बाई. नवरा, सासू, मुलं, सगळं तिथे बोललं जातं.

त्याच राज्यात हे आधीही घडलं होतं. पूर्वी तिथे वाचता येत नसेल तर मताचा हक्क मिळत नसे. कृष्णवर्णीयांना लांब ठेवण्याचाच तो एक मार्ग होता. म्हणून जानेवारी १९५७ मध्ये जॉन्स आयलंडवर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणारी शाळा निघाली. सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, बाहेरच्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून. पहिली शिक्षिका होत्या बर्निस रॉबिन्सन. त्या केस करणाऱ्या होत्या, शिक्षिका नव्हत्या. त्यांना ही जबाबदारी देणाऱ्या सेप्टिमा क्लार्क मात्र खऱ्या शिक्षिका. हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडायला तयार नव्हत्या, म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली होती. केस करणारीला कोण काढणार? तिची गिऱ्हाइकं तिच्याच समाजाची, कमाई तिची स्वतःची.

डायआनाही अशीच स्वतःच्या पायावर उभी होती. पण विश्वासाबरोबर माहितीही खरी हवी. ती बाजू सांभाळली बँबी सम्प्टर यांनी. त्या सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेल्या. दोघींनी मिळून साउथ कॅरोलायना एड्स एज्युकेशन नेटवर्क नावाची संस्था उभी केली आणि ती चालायची पार्लरमधूनच. सरकारी मदतीच्या भरवशावर त्या थांबल्या नाहीत. गिऱ्हाइकं खूश होऊन वर जे पैसे ठेवून जात, त्या टिपच्या पैशांतून खर्च भागवला. कुणाच्या तरी घरी चार बायका जमवायच्या, खेळ खेळायचे, हसायचं आणि हसता हसता कंडोम कसा वापरतात ते शिकवायचं. चर्चमध्ये जायचं, शाळांत जायचं. एलन स्पायरो यांनी या पार्लरवर माहितीपट केला आणि हे काम देशभर लोकांना दिसलं.

कुणी म्हणेल, गप्पांनी कुठे आजार थांबतो? याची तपासणीही झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत १२८ बायका घेऊन एक अभ्यास केला, तो १९९५ मध्ये छापून आला. एका गटाच्या पाच बैठका झाल्या, त्यांच्यातल्याच बायकांनी घेतलेल्या. त्यात आजाराची माहिती होतीच, शिवाय स्वतःचा अभिमान आणि जोडीदाराला "कंडोमशिवाय नाही" हे सांगायचं कसं, याचा सरावही होता. ज्यांना असं काहीच मिळालं नव्हतं, त्यांच्यापेक्षा या गटात नियमित कंडोम वापरण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. म्हणजे माहिती पुरत नाही, ती बोलून दाखवण्याचं बळही लागतं. ते बळ बाईला बाईकडून मिळतं.

लढाई संपलेली नाही. आजही अमेरिकेत एचआयव्हीच्या दर दहा नव्या रुग्णांत चारच्या आसपास कृष्णवर्णीय असतात. पण आता औषधं चांगली आहेत. गोळ्या नेमाने घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. हे सांगायलाही आपल्यातलीच बाई लागते.

आपल्या बचत गटात दर महिन्याला हप्ता गोळा होतो, वही लिहिली जाते, चहा होतो. तिथेही एक भांडं ठेवायला जागा आहे, विषयाचं. फक्त ऐकीव सांगू नका. खात्री नसेल तर १०९७ या मोफत नंबरवर विचारा. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट होते आणि २०१७ च्या कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, निकालही परस्पर कुणाला सांगता येत नाही. गटात जे ऐकलं ते गटाबाहेर जाणार नाही, एवढं मात्र आपल्याला आधी ठरवावं लागेल. डायआनाच्या खुर्चीत बायका बोलल्या, कारण तिथलं बोलणं गावभर होणार नाही याची त्यांना खात्री होती.

येत्या बैठकीत वही मिटल्यावर दहा मिनिटं काढा. सुरुवात कोण करणार? मला वाटतं, तुम्हीच करा.