चिरलेल्या पालेभाज्या धुण्याची प्रक्रिया

चिरून, धुऊन पाकीटबंद विकले जाणारे लेट्यूस, कोवळा पालक यांसारखे पाले बहुधा कच्चेच खाल्ले जातात. शिजवण्याचे संरक्षण त्यांना मिळत नाही. धुण्याने पान निर्जंतुक होते, हा समज मात्र चुकीचा व घातक आहे. चिरलेल्या कडांत आणि पर्णरंध्रांत शिरलेल्या जीवाणूंपर्यंत धुण्याच्या पाण्यातले क्लोरीन पुरेसे पोचत नाही. त्याचे खरे काम वेगळे : एका दूषित पानावरचे जीवाणू हौदातल्या पाण्यातून इतर पानांवर पसरू न देणे. हे काम प्रामुख्याने क्लोरीनपासून पाण्यात बनणारे हायपोक्लोरस आम्ल करते. माती व पानांचा रस मुक्त क्लोरीन झपाट्याने संपवतात, तर पीएच ७·५ च्या वर गेल्यास त्यातील बराच भाग दुर्बल हायपोक्लोराइट रूपात जातो. म्हणून सुरुवातीला मात्रा टाकून भागत नाही. पीएच ६·५ ते ७ च्या आसपास ठेवून क्लोरीन सतत मोजावे लागते.

धुतल्यानंतरही धोका उरतो : २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पाकीटबंद पालकामुळे अमेरिकेच्या २६ राज्यांत ई. कोलाय ओ१५७:एच७ या जीवाणूची साथ पसरली. सुमारे २०० जण आजारी पडले, तिघे दगावले. जीवाणूचा तोच प्रकार शेताजवळच्या गुरांच्या शेणात आणि रानडुकरांतही आढळला.