बेणारेबाईंची खोटी कोर्टकचेरी

गेल्या खेपेला चहा पिता पिता विषय निघाला की नाटकाचा सिनेमा केला म्हणजे तो बघायचा कसा? आमच्यातल्या निम्म्याजणी म्हणाल्या, नाटक ते नाटक, पडद्यावर त्याचा जीव जातो. ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘नटसम्राट’ यांच्या सिनेमांना थिएटरात गर्दी झाली, तरी ही तक्रार काही मिटली नाही. म्हणून आज आम्ही जरा मागे जातो, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’पर्यंत.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ च्या डिसेंबरात मुंबईत रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या एका हौशी मंडळाचं बोलणं तेंडुलकरांच्या कानावर पडलं, त्यातून नाटक सुचलं असं सांगतात.

गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक असेल. एका गावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि आरोपी म्हणून बेणारेबाईंना पिंजऱ्यात घालतात. आरोप भ्रूणहत्येचा. बाई मास्तरीण, लग्न न झालेली, मघापर्यंत सगळ्यांची टर उडवणारी. बघता बघता खेळ खरा होतो. ज्याच्यापासून दिवस गेलेत ते प्राध्यापक दामले तिथं येतच नाहीत, त्यांची जाब देण्याची वेळही येत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त टोचतात त्या काशीकरबाई. घरात नवऱ्यापुढं त्यांना तोंड उघडायची सोय नाही, पण दुसरीची अब्रू काढताना त्यांच्या अंगात केवढं बळ येतं! आणि निकाल? भ्रूणहत्येबद्दल जिला दोषी धरलं, तिच्याच पोटातला गर्भ नष्ट करायचा.

हे नाटक आलं तेव्हा आपल्याकडे बाईचा जीव वाचवायचा असेल तेवढं सोडून गर्भपात हा गुन्हाच होता. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संसदेत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. सिनेमाही १९७१ चाच. म्हणजे कायदा बदलत होता त्याच वर्षी बेणारेबाई पडद्यावर उभ्या राहिल्या.

सिनेमा केला सत्यदेव दुबे यांनी. पटकथा तेंडुलकरांचीच, कॅमेरा गोविंद निहलानींचा, आणि बेणारे पुन्हा सुलभाताईच. अमोल पालेकरही त्यात आहेत. रंगीत झगमगाट नाही, काळंपांढरं चित्र.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाटकात शेवटाकडे बेणारेबाईंचं लांबलचक स्वगत आहे. बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात, बाई बोलते, आणि ते फक्त आपल्यालाच ऐकू येतं. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या बाईपर्यंत ते पोचवायचं तर आवाज लागतो, सगळं अंग लागतं. कॅमेऱ्याला त्याची गरज नाही. तो पापणीजवळ जाऊन उभा राहतो. पण नाट्यगृहात एक गोष्ट असते ती पडद्यावर मिळत नाही: आपण तिच्यासोबत एकाच छपराखाली कोंडलेल्या असतो, आणि मधे पडून काही बोलत नाही. थोडक्यात, आपणही त्या कोर्टातल्याच. सिनेमा बघताना ही लाज कमी वाटते, असं आमचं मत. त्या बदल्यात चेहरे मिळतात, नुसत्या बेणारेबाईंचेच नव्हे, तर त्यांच्याकडे मिटक्या मारत बघणाऱ्यांचेही. आम्हाला हा सौदा वाईट वाटला नाही. तेव्हा सिनेमा बघताना ‘नाटकासारखं आहे का’ हे विचारू नका, कॅमेरा कुणाकडे वळतोय ते बघा.

एक गोष्ट सांगायची राहिली. सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. वर्गात फळ्यासमोर उभं राहणं, पोरांवर जीव लावणं त्यांना अभिनयासाठी शिकावं लागलं नसेल. बेणारेबाईंची नोकरी जाते, तो प्रसंग पुन्हा बघाल तेव्हा हे ध्यानात ठेवा. आमच्यातल्या एक निवृत्त बाई तो बघून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हजेरीपट तरी हातात ठेवायचा होता.”