बटाट्याचा श्वास आणि वालाचे बिरडे

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव नावाचे गाव आहे. तेथे गरम पाण्याचे झरे आहेत. शाळेची सहल अशा झऱ्यांवर गेली की एक प्रश्न हमखास येतो : एवढ्या गरम पाण्यात कुणी जिवंत राहत असेल का? शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये, कारण पेशीच्या अंतरंगात शिरायला इतकी सोपी वाट दुसरी नाही.

अंडे उकडले की त्यातला पातळ, पारदर्शक भाग पांढरा व घट्ट होतो. त्यातील प्रथिनांची घडी उष्णतेने मोडते आणि ती एकमेकांत गुंततात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट रीतीने दुमडली, तरच कामाची. अन्न पचवणे, ऑक्सिजन वाहून नेणे, स्नायू आखडणे, रोगजंतूंना ओळखणे ही पेशीतली बहुतेक कामे प्रथिने आपल्या आकाराच्या बळावर करतात. घडी मोडली की काम थांबते. गरम झऱ्यांत राहणाऱ्या जीवाणूंची प्रथिने मात्र अशा उष्णतेतही आपली घडी टिकवून धरतात. म्हणून मुलांच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे.

उष्णतेला बऱ्यापैकी दाद न देणारे एक प्रथिन आपल्याही प्रत्येक श्वासामागे आहे. त्याचे नाव सायटोक्रोम-सी. या प्रथिनाच्या इतिहासात एका मराठी संशोधिकेचे नाव आहे आणि ते नीट सांगितले जावे असे आम्हांला फार दिवसांपासून वाटते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवल्यावर १९३३ साली कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. सर सी. व्ही. रामन तेव्हा तेथे संचालक होते. मुलींना घेत नाही, एवढ्याच कारणावर त्यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि कारण कळल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. महाडच्या वाचकांना या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. एक वर्ष त्यांचे काम पारखले जाणार होते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते आणि त्यांच्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये, असेही बजावण्यात आले. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलला. तरीही मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर नेटाने काम केले. वर्षभराने रामन यांचे मत पालटले व संस्थेची दारे मुलींसाठी उघडली. १९३६ साली कमलाबाईंना एम.एस्सी. मिळाली आणि पुढल्या वर्षी त्या केंब्रिजला गेल्या.

केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्राची धुरा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्याकडे होती. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर प्राण्यांमधील फिनॉलांचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकरांवर काम केले. पुढे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर. त्यांच्या प्रबंधाचा गाभा येथे आहे.

पुष्कळ लेखांत एकच वाक्य आढळते : ‘कमलाबाईंनी बटाट्यात सायटोक्रोम-सी शोधून काढले.’ आम्हीही वर्षानुवर्षे हेच वाक्य सांगत आलो. मूळ इतिहास पाहिला की ते थोडे दुरुस्त करावे लागते आणि दुरुस्तीने कमलाबाईंचे श्रेय उणे होत नाही, अधिक स्पष्ट होते.

सायटोक्रोमची पहिली चाहूल १८८० च्या दशकात चार्ल्स मॅकमन या इंग्लंडमधील वैद्यकी करणाऱ्या गृहस्थांना लागली. प्राण्यांच्या ऊतींतून प्रकाश जाऊ दिला, तर वर्णपटात काळे पट्टे दिसतात, असे त्यांनी दाखवले. त्या काळच्या एका बड्या जर्मन शास्त्रज्ञाने ते खोडून काढले आणि विषय मागे पडला. चाळीसेक वर्षांनी, १९२५ साली, केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांना ते पट्टे पुन्हा दिसले. यीस्टचे द्रावण हवेबरोबर हलवले की पट्टे नाहीसे होत, स्वस्थ ठेवले की परतत. जिवंत पेशी ऑक्सिजन वापरताना जणू डोळ्यांसमोर दिसत होती. या रंगद्रव्याला कायलिन यांनी सायटोक्रोम असे नाव दिले आणि ते प्राणी, यीस्ट व वरच्या दर्जाच्या वनस्पती या साऱ्यांत आढळते, असे त्याच निबंधात नोंदवले.

म्हणजे वनस्पतींत सायटोक्रोम आहे, हे १९२५ पासून ठाऊक होते. मग प्रश्न कोणता उरला? तेथे ते काय करते, हा. एखादी वस्तू घरात असणे वेगळे आणि ती वापरात असणे वेगळे. प्राण्यांच्या पेशीत सायटोक्रोम-सी मधील लोहाचा अणू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. ते घेणाऱ्या विकराचे नाव सायटोक्रोम ऑक्सिडेझ. हे विकर इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला सोपवते आणि पाणी तयार होते. आपण आत घेतलेल्या ऑक्सिजनचा मुख्य खर्च येथे होतो. वनस्पतींचा श्वासही याच वाटेने चालतो का, याबद्दल मात्र शंका होती.

शंकेला कारणही होते. बटाटा चिरून ठेवला की काळपट पडतो. त्यातील फिनॉल जातीच्या द्रव्यांचे एक निराळे विकर ऑक्सिडीकरण करते. हे विकर बटाट्यात विपुल असते, डोळ्यांना दिसेल असा रंग आणते आणि ऑक्सिजन वापरते. मग बटाट्याचा श्वास यावरच चालत असावा, असे अनेकांना वाटे. वनस्पतींत सायटोक्रोमची साखळी पुरी आहे, हे दाखवायचे तर तिचे शेवटचे टोक, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेझ, हाती लागायला हवे होते.

हिल आणि भागवत यांनी ते टोक दाखवले. इलेक्ट्रॉन घेतलेल्या सायटोक्रोम-सी चे पट्टे ठळक असतात आणि इलेक्ट्रॉन सोडला की ते फिके होतात. वनस्पतीच्या ऊतीपासून केलेल्या मिश्रणात हवेच्या सान्निध्यात सायटोक्रोम-सी चे ऑक्सिडीकरण होते का, हे तपासता येते. तपासणीला साधन होते वर्णपटदर्शक आणि सराईत डोळा. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझवरील त्यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’ मध्ये आले, सविस्तर निबंध १९५१ साली. एकाच निबंधाने वाद मिटत नसतो, तसा हाही लगेच मिटला नाही. पण श्वसनाची ही शेवटची पायरी वनस्पती व प्राणी यांत सारखी आहे, या आजच्या समजुतीच्या पायात तो दगड पक्का बसला आहे.

केंब्रिजचा प्रबंध कमलाबाईंनी जेमतेम चौदा महिन्यांत पुरा केला. तो टंकलिखित चाळीस पानांचा होता, असे सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांचे जाडजूड प्रबंध हाती घेताना आम्हांला त्या चाळीस पानांची आठवण होते. १९३९ साली विज्ञानातील पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जे विषय निवडले, ते गरिबाच्या ताटातले होते : नीरा, डाळी, कडधान्ये. नीरेच्या पोषणमूल्यावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

कोकणच्या वाचकाला यांतला वालाचा धागा जवळचा वाटेल. भात कापल्यावर शेतातल्या उरल्या ओलीवर वाल होतो. १९५५ साली ‘नेचर’ मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल व डबल बीन यांतून ट्रिप्सिनला रोखणारी द्रव्ये स्फटिकरूपात वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. वालाच्या दाण्यात त्याला अडवणारे प्रथिन असते आणि कीटकांसारख्या खाणाऱ्यांपासून बीज राखण्यास त्याची मदत होते. आपल्या आज्या वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि चांगला शिजवून बिरडे करतात. या साऱ्या खटाटोपात हा अडथळा बराच कमी होतो. अंड्याच्या बाबतीत पाहिलेली गोष्टच चुलीवर घडते : घडी मोडली, काम थांबले. फक्त येथे थांबलेले काम आपल्या फायद्याचे.

सायटोक्रोम-सी ची गोष्ट पुढेही वाढत गेली. १९६० च्या दशकात निरनिराळ्या प्राण्यांच्या सायटोक्रोम-सी मधील अमिनो आम्लांचा क्रम लावण्यात आला. माणसाच्या साखळीत १०४ अमिनो आम्ले आहेत. चिंपांझीची साखळी तंतोतंत तशीच आहे, आणि गव्हाशी तुलना केली तरी निम्म्याहून अधिक जागा जुळतात. १९९६ साली आणखी एक भूमिका उघड झाली. पेशीला मरण्याचा निरोप मिळाला की हेच प्रथिन तंतुकणिकेतून बाहेर पडते आणि पेशीच्या शिस्तबद्ध मृत्यूची यंत्रणा चालू करते. जगवणारे प्रथिन प्रसंगी मरणाचा दूतही होते. प्रथिनाचे नाव सापडणे ही सुरुवात असते. त्याची कामे कळायला पिढ्या जातात.

शिक्षकांनी वर्गात एक साधा प्रयोग करावा. बटाट्याच्या तीन फोडी घ्याव्यात. एक कच्ची, एक कच्ची पण लिंबू पिळलेली आणि एक उकडून चिरलेली. तासाभराने रंग पाहावा. कच्ची फोड काळपट पडेल, उकडलेली पडणार नाही. मग मुलांना विचारावे : हा काळा रंग म्हणजे बटाट्याचा श्वास का? अखंड बटाट्यात ते विकर आणि त्याची द्रव्ये पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, चिरल्यावर ती एकत्र येतात. जे चटकन डोळ्यांत भरते तेच पेशीतले मुख्य काम असेल असे नाही. खरा श्वास न दिसता चालू असतो आणि तो शोधायला कुणाला तरी रात्री जागवाव्या लागतात.

कमलाबाई १९९८ साली गेल्या. पुढच्या खेपेला सवला सहल न्याल आणि मुलांनी तो प्रश्न विचारला, तर उत्तराच्या ओघात त्यांचेही नाव घ्यावे, एवढीच आमची विनंती.