ईजिप्तमधील कृषिऋतू व ग्रामजीवन

ईजिप्तमधील शेती आणि तिच्यावर आधारलेले ग्रामजीवन यांचा इतिहास म्हणजे मुख्यतः नाईल नदीच्या वार्षिक पुराचा इतिहास होय. भूमध्य समुद्राची किनारपट्टी वगळता या देशात पाऊस जवळजवळ पडत नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक भूमी वाळवंटी असून लोकवस्ती नदीचे चिंचोळे खोरे, उत्तरेकडील त्रिभुज प्रदेश व फैयूमचा सखल भाग यांत एकवटलेली आहे. इथिओपियाच्या पठारावरील मोसमी पावसाने नीळी नाईल व अटबारा या नद्या फुगत आणि त्यांचे गाळयुक्त पाणी ऐन उन्हाळ्यात निरभ्र आकाशाखाली ईजिप्तमध्ये येऊन पोहोचे. आस्वान येथे जूनच्या अखेरीस पाणी चढू लागे, सप्टेंबरच्या सुमारास पूर परमावधी गाठी व नोव्हेंबरपर्यंत ओसरे.

प्राचीन ऋतुचक्र : प्राचीन ईजिप्शियन लोकांनी वर्षाचे आखेत (पूर), पेरेत (उगवण) व शेमू (कापणी) असे प्रत्येकी चार महिन्यांचे तीन ऋतू कल्पिले होते. तीस दिवसांचे बारा महिने व वरचे पाच दिवस असे हे ३६५ दिवसांचे वर्ष दर चार वर्षांनी एका दिवसाने मागे पडे. त्यामुळे राजदरबारी ऋतू व प्रत्यक्ष ऋतू यांत कालांतराने मोठे अंतर पडत असे. रोमन अंमलात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवून हा दोष दूर करण्यात आला. या सुधारित पंचांगातून आलेले कॉप्टिक महिने पुढे मुसलमान शेतकऱ्यांनीही पेरणी-कापणीसाठी चालू ठेवले. कारण हिजरी सनाचे चांद्र महिने ऋतूंशी जुळत नाहीत.

शेतीची पद्धती साधी, परंतु सामुदायिक शिस्तीची होती. बांध घालून जमिनीचे विस्तीर्ण वाफे पाडीत व पूर चढताच त्यांत पाणी घेत. सु. ४० ते ६० दिवस पाणी तुंबवून ठेवल्याने गाळाचा थर बसे आणि जमिनीतील क्षार धुऊन जात. पाणी सोडून दिल्यावर ओल्या चिखलात गहू, सातू, मसूर, घेवडावर्गीय धान्ये व जवस यांची पेरणी होई आणि वसंतात कापणी होई. त्यानंतर उन्हाने जमीन भेगाळे व पुढील पुरासाठी सिद्ध होई. गावे उंचवट्यांवर वसलेली असत. पुराच्या दिवसांत ती इजीअन समुद्रातील बेटांसारखी दिसतात, असे हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने नमूद केले आहे. उंचावरील मळ्यांसाठी शादूफ हे तरफेच्या तत्त्वावरील साधन व पुढे बैलांनी फिरविला जाणारा रहाट (साकिया) उपयोगात आला.

पुराचे मोजमाप व दुष्काळ : पूर कमी आला तर उंच जमिनी कोरड्या राहत, अधिक आला तर बांध फुटून घरे व साठविलेले धान्य वाहून जाई आणि पेरणी लांबे. म्हणून एलेफंटाइन बेटावर व इतरत्र पाण्याची उंची मोजणारे मापस्तंभ उभारण्यात आले. कैरोजवळील रोडा बेटावरील प्रसिद्ध मापस्तंभ ८६१ मध्ये बांधण्यात आला. शेतसारा या मापावर ठरत असल्याने पूर कमी-अधिक होणे हा शेतकऱ्याच्या पोटाचा तसाच राजकोशाचाही प्रश्न होता. प्लिनी या रोमन लेखकाने बारा हात पाणी म्हणजे उपासमार, तर सोळा हात म्हणजे आबादानी, असे गणित दिले आहे. सु. चार हजार वर्षांपूर्वीच्या हेकानख्त या थीब्झकडील गृहस्थाच्या उपलब्ध पत्रांत टंचाईच्या काळी कुटुंबातील प्रत्येकाचा धान्याचा वाटा ठरवून दिलेला आढळतो. फातिमी खलीफा अल्-मुस्तन्सिर याच्या कारकीर्दीत अकराव्या शतकात सात वर्षांचे दुर्भिक्ष पडले. १२००–०२ मधील दुष्काळाचे भीषण वर्णन अब्द अल्-लतीफ अल्-बगदादी या वैद्याने प्रत्यक्ष पाहून लिहिले असून त्यात ओस पडलेल्या गावांचे उल्लेख आहेत.

बारमाही पाणीपुरवठा : मुहंमद अली (कार. १८०५–४८) याने १८२० नंतर लांब धाग्याच्या कापसाला उत्तेजन दिले आणि जुने ऋतुचक्र बदलू लागले. कापसाला उन्हाळ्यात, म्हणजे नदी सर्वांत आटलेली असताना, पाणी लागते. यासाठी खोल कालवे खणण्यात आले. ते खणण्याचे व दरवर्षी उपसण्याचे काम फेलाह (शेतकरी) वेठीने करीत. वेठ व सैन्यभरती टाळण्यासाठी अनेकांनी गावे सोडली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, तथापि लाभाचा मोठा वाटा जमीनदार व व्यापारी यांच्याकडे गेला. कालवे उपसण्याची वेठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. आस्वानचे पहिले धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले व पुढे दोनदा त्याची उंची वाढविण्यात आली. वर्षात दोन किंवा अधिक पिके निघू लागली. परंतु निचऱ्याअभावी जमिनी खारावल्या आणि सतत पाण्यात वावरणाऱ्या शेतकऱ्यांत खंडितकृमिजन्य रोग (बिल्हार्झिया) बळावला. या रोगाचा कृमी थीओडोर बिल्हार्ट्‌स याने कैरो येथेच १८५१ मध्ये शोधला होता.

आधुनिक काळ : १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत जमीनधारणेवर २०० फेदानांची (एक फेदान सु. ०·४२ हेक्टर) मर्यादा आली, ती १९६१ मध्ये १०० व १९६९ मध्ये ५० फेदान झाली. कुळांना मिळालेले संरक्षण १९९२ च्या कायद्याने मात्र काढून घेण्यात आले व तो १९९७ मध्ये पूर्णतः अंमलात आला. आस्वानच्या उच्च धरणामुळे (१९६०–७०) पूर कायमचा थांबला. १९८० नंतरच्या दशकात इथिओपियात अवर्षण पडले असता जलाशयातील साठ्यामुळे ईजिप्तची शेती तगली. याउलट गाळ अडल्याने रासायनिक खतांची गरज वाढली, त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची धूप झाली आणि न्यूबियातील हजारो कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली. नीळ्या नाईलवर इथिओपियाने २०११ मध्ये बांधण्यास घेतलेल्या व २०२५ मध्ये उद्‌घाटन केलेल्या धरणामुळे पाण्याच्या वाटपाचा वाद तीव्र झाला आहे.

शितवी (हिवाळी), सैफी (उन्हाळी) व नीली (पूरकालीन) हे तीन हंगाम ईजिप्तच्या शेतीत अद्यापि मानले जातात. यांपैकी नीली हंगामाचे नाव टिकून असले, तरी ज्या पुरावरून ते पडले तो आता शेतात येत नाही.