चांदरची नाचाची दालनं

मागच्या वेळी आम्ही म्हटलं होतं की गोव्याच्या सहलीत काय काय पाहिलं ते सांगू. समुद्राचं काही सांगत नाही, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. आम्ही अकरा जणी एक अख्खा दिवस चांदर नावाच्या गावात पायी फिरलो आणि नाचासाठी बांधलेली दालनं पाहिली. निघताना एका सासूबाईंनी विचारलंच, "नाचाची घरं बघायला बायकांनी कशाला जायचं?" त्यांनाही आजचा कार्यक्रम ऐकवा.

चांदर हे साष्टी तालुक्यातलं गाव, मडगावपासून गाडीने अर्ध्या तासावर. आज शांत, माडांत लपलेलं. पण हे जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी. अकराव्या शतकात राजधानी समुद्राकाठच्या गोवापुरीला गेली आणि चंद्रपूर मागे पडलं. जुन्या देवळाच्या जागेवर डोकं नसलेला दगडी नंदी अजून आहे. आम्ही तिथूनच चालायला सुरुवात केली.

चर्चसमोरच्या चौकात आलो की एक घर दिसतं. घर कसलं, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसत्या खिडक्या. आमच्यातल्या एकीने मोजल्या, चोवीस भरल्या. हे ब्रागांझांचं घर. एका बाजूला मिनेझिस ब्रागांझा, दुसऱ्या बाजूला ब्रागांझा परेरा, अशी एकाच छपराखाली दोन कुटुंबांची दोन घरं. पूर्वेकडच्या अंगात नाचाचं मोठं दालन आहे. खाली संगमरवरी फरशी, वर झुंबरं, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग. त्यातल्या दोन खुर्च्या पोर्तुगालच्या राजाने दिलेल्या म्हणून दाखवतात. त्यांवर कोणी बसायचं नाही.

भिंतीलगत खुर्च्या का, ते आधी कळलं नाही. मग दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं: मधली जागा नाचाची, कडेच्या खुर्च्या आयांच्या. लग्नाच्या मुली नाचणार आणि आया बसून पाहणार, कोण कोणाबरोबर नाचतंय, कितीदा नाचतंय, त्याचं घराणं कोणतं. म्हणजे आपल्याकडचा पाहण्याचा कार्यक्रमच, फक्त पोह्यांच्या जागी व्हायोलिन! आणि हो, जातही पाहिली जायचीच. धर्म बदलला तरी बामण आणि चारडो हे भेद ख्रिस्ती घरांत राहिले होते, आणि असल्या दालनात पाऊल टाकायला घराण्याचं नाव लागायचं.

आता नाच कोणता, ते सांगतो. युरोपातून आलेले जोडीचे नाच होतेच. पण एकोणिसाव्या शतकात याच साष्टीतल्या घरांमधून एक स्वतःचा नाच घडला, मांडो. एका रांगेत बायका, समोरच्या रांगेत पुरुष. रांगा हळूहळू पुढे येतात, मागे जातात, जागा बदलतात, पण एकमेकांना हात लागत नाही. बाईच्या हातात पंखा, पुरुषाच्या हातात रुमाल. बायकांचा पोशाख तोरोप-बाजू, जरीकामाचा. साथीला व्हायोलिन आणि घुमट. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यासारखं वाद्य, एका तोंडाला कातडं ताणलेलं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता त्याला बंदी आहे म्हणून बकरीचं लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं.

मांडोची गाणी बहुतेक प्रेमाची आणि ताटातुटीची. मुलगे मुंबईला, आफ्रिकेला, पोर्तुगालला जात, मुली मागे राहत. गाणी कोकणीत. आम्हाला सगळ्यात आवडलं ते हेच. त्या घरांच्या बैठकीत पोर्तुगीज बोलायची आणि चुलीपाशी, नोकरमाणसांशी कोकणी. चुलीची भाषा झुंबराखाली आली ती मांडोमुळे.

रांगांचं ऐकताना आमच्यातली सावंतवाडीकडची सून म्हणाली, "हे तर धालोसारखं!" पौष महिन्यात रात्री मांडावर बायका जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात आणि गात पुढे-मागे होतात, ते धालो. तिथे पुरुष नाचत नाहीत, मांड बायकांचा. एकातून दुसरा निघाला असं आम्ही म्हणत नाही, तेवढा आमचा अभ्यास नाही. पण दोन्ही डोळ्यांसमोर आणून बघा.

पश्चिमेकडच्या अंगात मोठा ग्रंथसंग्रह आहे. तो जमवला लुईस मिनेझिस ब्रागांझा यांनी. जन्म याच गावात, १८७८ साली. १९०० साली गोव्याचं पहिलं दैनिक निघालं, त्याच्या संस्थापकांपैकी हे एक. १९३० साली, पोर्तुगीजांनी वसाहतींना आणखी खाली दाबणारा कायदा आणला तेव्हा, त्यांनी विधिमंडळात उभं राहून गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारे टी. बी. कुन्हा हेही चांदरमध्ये जन्मलेले. राजाच्या खुर्च्या एका अंगाला आणि राजसत्तेला विरोध करणारा माणूस दुसऱ्या अंगाला!

आमच्यातल्या एक मावशी मात्र फरशीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी फरशी पुसत कोण होतं?" प्रश्न बरोबर होता. भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे ते मुंडकार. राहायला जागा मिळे, बदल्यात मोठ्या घरची कामं करावी लागत, आणि जागा कधीही सोडायला लागेल ही भीती. नाचाच्या रात्री त्यांच्या बायका मागच्या दारी असणार. गोवा १९६१ साली मुक्त झाला, १९६४ साली कुळकायदा आला, १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला. खंडावर चाललेली घरं मग अडचणीत आली. आज अशा दालनांची डागडुजी आमच्यासारख्यांनी पेटीत टाकलेल्या पैशांवरही चालते. वाईट वाटलं का? छपराचं थोडं वाटलं. कायद्याचं नाही.

गावातला आणखी एक नाचही आहे. कार्निव्हलच्या दिवसांत चांदरला मुसळ खेळ होतो. जमिनीवर मुसळं आपटत गल्ल्यांतून फिरतात, जुन्या काळातल्या विजयाची आठवण म्हणून. नाचतात पुरुष. मुसळ आपलं आणि नाच त्यांचा, यावर आम्ही पुष्कळ हसलो.

संध्याकाळी मडगावला सात शिखरांचं घर बाहेरून पाहिलं. छपराच्या सातांपैकी तीनच शिखरं उरली आहेत. अशी घरं का पडतात असं विचारलं तर उत्तर मिळालं, वारस फार, सह्या जमत नाहीत. इथे आम्ही थांबलो. कारण या सह्यांत मुलींच्या सह्या असतात. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात लागू झाला. त्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा. आईबापांच्या संपत्तीचा निम्मा भाग मुलांसाठी राखीव, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. बायकोच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. कारभार नवऱ्याच्याच हाती दिलेला होता आणि भावांसाठी हक्क सोडणाऱ्या बहिणी तिथेही आहेत. तरी कागदावर तिचं नाव होतं, नाचणाऱ्या मुलीचं आणि फरशी पुसणारीचंही, अर्थात तिच्याकडे वाटून घ्यायला काही असेल तर.

आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली आणि देशभर २००५ साली. परतीच्या गाडीत विचारलं, कोणी कोणी हक्कसोडपत्रावर सही केली आहे? अकरांपैकी सात हात वर आले. फरशीबद्दल विचारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मला तर साडी मिळाली होती, आणि दिवाळीला बोलावतात." मग बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शाळेच्या व्हरांड्यात. येताना प्रत्येकीने माहेरचा आणि सासरचा सातबारा आणायचा आहे. ज्यांना तलाठ्याकडे एकटीने जायला नको वाटतं त्यांनी आदल्या दिवशी कळवा, आम्ही दोघी-तिघी बरोबर येऊ.