जुनी बंदूक आणि तिचा बनावट इतिहास

राजवाड्यांच्या काळापासून मराठी इतिहाससंशोधनाने एक शिस्त अंगी बाणवली. मोडी कागद हाती आला की त्याचा शिक्का, अक्षराचे वळण, मायना आणि कालगणना तपासायची, आणि यांत विसंगती दिसली तर कागद कितीही सोयीचा असला तरी बाजूला ठेवायचा. हीच शिस्त आपण वस्तूंना मात्र क्वचितच लावतो. आंतरजालावर 'शिवकालीन बंदूक' म्हणून विक्रीस आलेल्या वस्तूंची छायाचित्रे पाहिली की ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

शिवकालात आपल्याकडे प्रचलित होती ती तोड्याची बंदूक. जळता तोडा कानाजवळच्या रंजकीवर टेकवून बार काढायचा, अशी तिची रीत. चकमकीची बंदूक युरोपात सतराव्या शतकात आली. आपल्याकडे ती रुळली मुख्यतः अठराव्या शतकातील कवायती पलटणींबरोबर. केपाच्या बंदुकीचे मूळ असलेला फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाचा शोध 1807 सालचा, आणि तांब्याची केप प्रचारात आली ती 1820 नंतर. म्हणजे जिच्या घोड्याखाली केप बसवण्याचे बोंडूक आहे, अशा बंदुकीवर सतराव्या शतकातील साल कोरलेले असेल, तर ते साल खोटे आहे किंवा चाप नंतरचा आहे. तिसरी शक्यता नाही.

मात्र प्रत्येक फेरफार म्हणजे फसवणूक नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असंख्य चकमकीच्या बंदुका केपाच्या केल्या गेल्या. त्या कामाच्या खुणा चापाच्या पट्टीवर राहतात : जुन्या पेल्याची व कमानीची बुजवलेली भोके, कानाच्या जागी आटे पाडून बसवलेला तुकडा. तलवारींतही हेच दिसते. महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात घेतलेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत आलेली रघूजी भोसल्यांची तलवार 'फिरंग' आहे. पाते युरोपीय, मूठ एतद्देशीय. हा जोड त्या काळाचाच असल्याने तो स्वतःच इतिहासाचा पुरावा ठरतो.

खोटेपणा ओळखायचा तो अशा जोडाचा हेतू आणि काळ पाहून. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाकृती व्यापारचिन्ह असे, पुढे 1808 च्या सुमारास मुकुट धरलेला सिंह आला. 'टॉवर' हा शब्द मात्र ब्रिटिश सरकारी शस्त्रखात्याचा. बाजारातील नकलांवर या दोहोंची सरमिसळ आढळते. अक्षरे खोल, एकसारखी आणि कडा ताज्या असतात, भोवतीचे लोखंड मात्र आम्लाने खाऊन 'जुने' केलेले.

विलायती दुनळी बंदुकीत खोट आणखी आत दडते. तिच्या दोन नळ्या तोंडाकडे एकमेकींजवळ येत जातात. तोंडाशी त्यांच्यात फट असेल आणि ती शिशाने भरलेली दिसली, तर नळ्या कापलेल्या आहेत असे समजावे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या नळीची लहरदार वीण लाकडाखाली झाकलेल्या भागातही सलग असते. वर चढवलेली नक्षी तिथे संपते. नळी, सांधा आणि पुढचे लाकूड यांवरील क्रमांक जुळले पाहिजेत. लंडन वा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या मुद्रा नळीच्या बुडाशी, खालच्या अंगाला असतात. घासून पुसट झालेल्या मुद्रा ही सर्वांत मोठी धोक्याची खूण, कारण चाचणीनंतर आतून पातळ केलेली नळी बाराबरोबर फाटू शकते. विक्रेता नेमक्या याच जागांची छायाचित्रे देत नसेल, तर त्याचे मौन हाच पुरावा मानावा.

कायद्याचा भाग थोडक्यात. 1959 च्या शस्त्र कायद्यातील पंचेचाळिसाव्या कलमाची सूट दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच पुरातन हत्याराला आहे. 'शोभेची आहे, परवाना नको' हे विक्रेत्याचे वाक्य म्हणून पुरेसे नाही. परवान्याविना नळी आखूड करणे हाही गुन्हाच. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदाही लागू होतो.

परंतु खरे नुकसान खरेदीदाराच्या पैशांचे नाही. 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयाच्या हातातील हत्यार परवान्याच्या कक्षेत आणले, युरोपियनांना मात्र सूट दिली. या विषमतेचा सल इतका खोल होता की 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. कोकणात शेतराखणीसाठी परवान्यावर वापरली गेलेली ठासणीची बंदूक ही त्या इतिहासाची साक्षीदार आहे. गावच्या लोहाराने मारलेले डाग, तारेने आवळलेला दस्ता, झिजलेला घोडा ही तिची अक्षरे. कोकणातून अंधेरी-मुलुंडला स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या घरच्या आठवणीतही ती कुठे तरी असते. अशीच एखादी बंदूक घासून-पुसून, तिच्यावर राजमुद्रा ठोकून 'सरदार घराण्याची' म्हणून विकली जाते, तेव्हा एक खोटा सरदार जन्माला येतो आणि एक खरा शेतकरी इतिहासातून पुसला जातो.

बनावट कागदाने निदान मूळ कागद नष्ट होत नाही. बनावट बंदूक मात्र बहुधा खऱ्या बंदुकीच्याच अंगावर लिहिली जाते.