थंडीतला किल्ट

स्कॉटलंडच्या थंडीत माणसं उघड्या गुडघ्यांनी कशी राहत, याचं मला फार दिवस कोडं होतं. मग वाचनात आलं, जुना किल्ट म्हणजे लांबलचक लोकरी वस्त्र. खाली चुण्या घालून कमरेला पट्टा, उरलेलं खांद्यावर. रात्री तेच पांघरूण, आपल्या घोंगडीसारखं!

१७४६ च्या कायद्याने त्यावर बंदी आली. पहिल्यांदा सापडल्यास सहा महिने कैद, पुन्हा सापडल्यास सात वर्षं हद्दपारी. सूट फक्त सरकारी पलटणींतल्या शिपायांना. (इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हे कधी शिकवलं नाही.) १७८२ साली बंदी उठली.

पलटणींत पुढे कमरेखालचा भागच उरला. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलाने माखलेल्या चुण्या हिवाळ्यात गोठत आणि शिपायांच्या गुडघ्यांमागची कातडी सोलत. अंगावर ओढून घ्यायचा वरचा भाग तेव्हा कुठे होता!